भिंतीवर कुठली आजी लावायची?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ३४, पणजीत हिशेब लिहिण्याची नोकरी. मूळ घराची दुरुस्ती नुकतीच संपली, यंदाची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, नव्या भिंतींत होणार. बाहेरच्या खोलीची एक भिंत घरच्या जुन्या फोटोंसाठी ठेवायची असं त्यांच्या मनात आहे. घरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात ३१ फोटो. आजोबा खनिजाच्या बार्जवर खलाशी होते, आजी खाणीवर पाट्या वाहायची, बाबांचा ट्रक होता, काका आधी बार्जवर आणि मग धक्क्यावर कामाला. एका फोटोत आजी आणखी ११ बायकांबरोबर खाणीवर रांगेत उभी आहे, डोक्यावर पाटी. बाजूच्या ढिगावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसलेली आहे. ती म्हणजे त्यांची आत्या, जन्म १९६०चा.

हा फोटो चुलतभावाने मोबाईलवरच्या ॲपमधून रंगीत करून घेतला आणि 'आमचा अभिमान' असं लिहून व्हॉट्सॲपवर फिरवला. खूप कौतुक झालं. आत्याने मात्र काकांकडून निरोप धाडला की तो फोटो भिंतीवर लागणार असेल तर ती चवथीला येणार नाही. काकांनाही तो नकोच आहे. आजोबा पोर्तुगीज अमदानीत बोटीवर साहेब होते असं ते सांगतात, आणि त्यांचा कोटातला स्टुडिओ फोटो मोठा करून मधोमध लावा म्हणतात. वाचक ताई विचारतात: आत्याला स्वतःच्या आईच्या कष्टांची लाज वाटते, तिची समजूत कशी काढू? की तिचं न ऐकता फोटो लावूनच टाकू? आणि भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरी भिंती भरलेल्या असतात, आमच्या ३१ फोटोंत कसला आलाय इतिहास?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतच्या सहा फोटोंच्या प्रती टेबलावर मांडून बराच वेळ बघत बसले. समजूत कशी काढायची हा तुमचा प्रश्न आहे, पण मला आधी एका वाक्यापाशी थांबायचंय. ते तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. रंगीत केलेला फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा आत्या म्हणाली, 'आवयचें तोंड अशें नाशिल्लें,' आईचं तोंड असं नव्हतं. त्याच्या पुढच्याच ओळीत तुम्ही लाजेवर गेलात.

मूळ फोटो आणि रंगीत फोटो शेजारी ठेवून बघा. मी ठेवले. मूळ फोटोत आजीचे ओठ घट्ट मिटलेले आहेत. तोंड उन्हाकडे असल्यामुळे डोळे बारीक झालेत, आणि पाटीची सावली कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलीय. रंगीत फोटोत सावली गेली, गाल भरले, ओठांच्या कडा किंचित वर सरकल्या. आजी हसतेय. रंग उजळलाय, लुगडं पोपटी झालंय. ॲपला तुमची आजी ठाऊक नव्हती. असंख्य परक्या चेहऱ्यांवरून त्याने अंदाज बांधला आणि पुसट जागा भरून टाकल्या. तुम्हाला आणि चुलतभावाला तो अंदाज चालून गेला, कारण आजी २००४ मध्ये गेली तेव्हा तुम्ही शाळेत होता आणि तो तर अगदीच लहान. आत्याने ते तोंड ४४ वर्षं बघितलंय. तिच्यापुढे एक हसणारी परकी बाई आली, खाली आईचं नाव, आणि गावातल्या सगळ्यांनी त्यावर हात जोडलेले.

आत्याच्या नकाराचं कारण हेच, असं मी म्हणत नाही. तिला अजून कुणी विचारलेलंच नाही. निरोप काकांनी आणला, आणि काकांना स्वतःलाच पाटीचा फोटो नको आहे. 'लाज' हा शब्द आत्याच्या तोंडचा की काकांच्या, हे तुमच्या पत्रातून उमगत नाही. काका खोटं बोलले असं नव्हे. दुसऱ्याचं बोलणं पोचवताना माणसाचं आपलं मन त्यात मिसळतंच. तेव्हा समजूत काढणं राहू द्या, आधी जाऊन विचारायला हवं.

चुलतभावावर मी रागावणार नाही. 'आमचा अभिमान' लिहिताना त्याचं मन स्वच्छच असणार. पण ज्याचा अभिमान बाळगायचा त्याची थोडी माहिती तरी हवी. आजी कितव्या वर्षापासून खाणीवर जायला लागली? मजुरी रोजावर होती की पाट्या मोजून? पैसे तिच्या हातात पडायचे की दुसऱ्याच कुणाच्या? तान्हं मूल घरी कुणाजवळ असायचं? पावसात काम मंदावलं की चूल कशावर पेटायची? यातलं एकही उत्तर त्याच्या चार ओळींत नव्हतं, तुमच्या पत्रातही नाही. आत्याकडे बहुतेक सगळी असतील. आपण त्या कष्टांपासून दोन पिढ्या लांब आलोय, म्हणून आपल्याला ते फोटोत शोभून दिसतात. जिच्या डोळ्यांदेखत ते झाले तिला तसे दिसत नसतील, तर तिच्यावर लाजेचा शिक्का मारायची घाई करू नका.

आता तो फोटो कुणी काढला, ते बघू. डब्यातले त्या काळचे बाकीचे फोटो तळहाताएवढे आहेत असं तुम्ही लिहिलंय. हा एकटा वहीच्या पानाएवढा. मागे स्टुडिओचा शिक्का नाही, कोपऱ्यात शाईने १७ आकडा घातलाय. एवढी मोठी प्रत स्वतःच्या पैशांनी करून घेणं खाणीवरच्या बाईला झेपणारं नव्हतं, आणि घरचं माणूस फोटोवर आकडा घालत नाही. कामाच्या नोंदीसाठी, एखाद्या अहवालासाठी किंवा बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी कुणीतरी फोटोंची मालिका काढली असणार आणि त्यातली एक प्रत पुढे कधीतरी घरी आली असणार.

आणि पाट्या बघा. बाराही रिकाम्या आहेत. लोहखनिज साध्या दगडापेक्षा खूप जड, चांगल्या प्रतीचं तर जवळजवळ दुप्पट. भरलेली पाटी डोक्यावर असली की मान खांद्यांत जाते आणि दोन्ही हात वर लागतात. इथे बायका एका हाताने पाटी धरून ताठ उभ्या आहेत, उंचीप्रमाणे लावलेल्या. काम थांबवून, माती ओतायला लावून त्यांना उभं केलं गेलंय. आजीला हौस आली म्हणून काढलेला हा फोटो नव्हे. अख्ख्या चौकटीत कुणाच्या सांगण्याबाहेरचं एकच माणूस आहे, ढिगावरची ती पोर. तिचा उजवा हात हलल्यामुळे पुसट आलाय.

तुमच्या पत्रात हा आजीचा फोटो आहे. आत्यासाठी तो तिचा स्वतःचाही आहे. साल धरू १९६८ किंवा ६९. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या होत्या. मग आठ-नऊ वर्षांची पोर दिवसाउजेडी खाणीवर काय करत होती? त्या दिवशी सुट्टी असेल. तिच्याबरोबर धाकटा भाऊही असेल, चौकटीच्या बाहेर. काकांचा जन्म १९६६चा, म्हणजे ते तेव्हा दोन-तीन वर्षांचे आणि कुणीतरी त्यांना सांभाळत असणारच. किंवा त्याच वर्षी तिची शाळा सुटली असेल, कायमची. तुम्ही पदवीधर आहात, बाबा निदान दहावीपर्यंत गेले. आत्या कितवीपर्यंत शिकली हे पत्रात नाही. तिला तो फोटो बघून आईच्या पाटीची आठवण येते की स्वतःच्या पाटी-पेन्सिलीची, हे तिने सांगितल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. या चवथीला तो फोटो भिंतीवर लावू नका. आत्या त्यात आहे आणि आत्या जिवंत आहे. फोटो काढताना तिला कुणी विचारलं नव्हतं, पन्नासहून जास्त वर्षांनी भिंतीवर लावताना तरी विचारलं जावं. 'आमच्या घराण्याचा इतिहास आहे, त्यावर सगळ्यांचा हक्क' हे म्हणणं मला पटतं, पण जी त्या फोटोत आहे त्या आत्यालाच चवथीच्या दिवशी बाहेर ठेवून तो हक्क बजावायचा, हे पटत नाही. दुसरीकडे, काका म्हणतात तसा तो फोटो बादच करायचा, डब्याच्या तळाशी घालून विसरायचा, हेही नको. भिंतीवर नसलेला फोटो घरात असू शकतो. नीट पाकिटात, मागे नावं असलेला, कुणी मागितला तर काढून दाखवण्याजोगा. आत्याचं मन पुढच्या वर्षी बदलेल किंवा बदलणार नाही. भिंत कुठे जात नाही.

चुलतभावाला मात्र आजच सांगा की रंगीत फोटो ग्रुपांतून काढून टाक. पुढे गेलेला परत येणार नाही, पण त्याने काढला हे आत्याला कळू दे. या ॲपांबद्दल सगळ्याच वाचकांना सांगते: फाटलेला कोपरा किंवा ओरखडा भरून घेण्यापुरतं ठीक, पण चेहऱ्याला हात लावू देऊ नका. पाच-सहा वर्षांनी घरात कुणालाच मूळ तोंड आठवत नाही आणि ॲपने केलेलं तोंडच खरं धरलं जातं.

काकांच्या कोटाकडे वळते. तुम्हाला तो फोटो थोडा खोटा वाटतो, हे तुम्ही न लिहिताही जाणवलं. बारकाईने बघितलं तर कोट आजोबांचा नाही. बाह्या अंगठ्याच्या मुळापर्यंत आल्यात, खांद्याची शिवण दंडावर उतरलीय, आणि दोन्ही पाय कुंडीच्या आड घेतलेत, बहुतेक अनवाणी असल्यामुळे. त्या काळच्या स्टुडिओत खुंटीवर कोट असायचा, टाय असायचा, कागदी फुलांची कुंडी आणि रंगवलेला पडदा असायचा. माझे वडील म्हापशाला शिंप्याच्या दुकानात कामाला होते. त्यांचा असाच एक फोटो आहे, कोपराशी रेडिओ. आमच्या घरात रेडिओ आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. लहानपणी मला त्या फोटोचा राग यायचा. आता तो माझ्या कपाटात सगळ्यांत वर आहे. त्या दिवशी वडिलांनी स्वतःचे पैसे मोजले होते आणि आपण कसं दिसायचं ते स्वतः ठरवलं होतं. तुमच्या आजोबांनीही तेच केलं. ३१ फोटोंत स्वतः ठरवून काढून घेतलेले असे कितीसे असतील? तेव्हा काका म्हणतात तसा तो लावा, पण खाली 'बोटीवरचे साहेब' असं लिहू नका. नाव लिहा, 'बार्जवर खलाशी' लिहा, साल अंदाजे लिहा आणि कोट स्टुडिओचा होता हेही लिहा. आजोबांचं त्यात काही कमी होत नाही. काका थोडे रुसतील, पण ते चवथीला नक्की येतील.

आणि ३१ फोटोंत इतिहास नाही म्हणता? मला सहाच फोटोंत किती सापडलं बघा.

बार्जवरचा फोटो घ्या. आजोबा आणि एक मिशीवाला तरुण, मागे मांडवी आणि अर्धवट पूल. बाबा म्हणतात पुलाचं बांधकाम चालू असतानाचा, म्हणजे १९६९च्या सुमाराचा. पण तो तरुण काका आहेत, आणि काका १९६९ मध्ये तीन वर्षांचे होते. मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल होईपर्यंत कितीतरी वर्षं माणसं पुन्हा फेरीबोटीने पणजी-बेती करत होती. तुमच्या फोटोतला पूल बांधला जात नाहीये, पडलेला आहे. फोटो १९८६च्या पावसाळ्यानंतरचा, काका विशीतले. म्हणजे बाप आणि मुलगा एका बार्जवर होते. काकांना विचारा, तेव्हा ते कामाला लागले होते की नुसते वडिलांबरोबर गेले होते. माझा अंदाज, त्यांच्या पहिल्या दिवसांतला फोटो आहे, नाहीतर इतका ताठ खांदा कुणी धरत नाही.

मग तो टिकलीएवढा फोटो, आजोबांचा तरुणपणीचा. डाव्या कोपऱ्यात उठावदार शिक्क्याची कमान आहे आणि वर गंजाचे दोन ठिपके. तो कशावरून तरी सोडवलेला आहे, बहुतेक पोर्तुगीज काळातल्या 'बिल्हेत'वरून, ओळखपत्रावरून. शिक्क्याच्या अक्षरांवर आडवा उजेड पाडा, मोबाईलची बॅटरी बाजूने धरा, एखाददुसरं अक्षर वाचता येईल. आजोबांच्या जन्माची नि लग्नाची नोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळते का बघा, जुन्या बाडांसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करावी लागेल. तिथे आपली नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. 'श'च्या जागी बहुधा एक्स, त्यामुळे केशव किंवा शंकर शोधताना नजर चुकते. हाक मारून बघा, म्हणजे अक्षरं मोठ्याने वाचा, की नाव ओळखू येतं.

बाबांच्या ट्रकचा फोटो आहे, दसऱ्याला झेंडूची माळ घातलेला, कोपऱ्यात तारीख छापलेली, २०११. ट्रकांच्या फोटोंत नंबराची पाटीही बघत जा. 'जीडी'ने सुरू होणारा नंबर असेल तर गाडीची नोंद गोवा-दमण-दीव काळातली, 'जीए' असेल तर घटकराज्य झाल्यानंतरची. पण मला जास्त लागलं ते वेगळं. या ट्रकनंतर डब्यात एकही फोटो नाही. २०१२च्या पावसाळ्यानंतर खाणी बंद पडल्या, मधे काही काळ चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, बार्जा नदीत गंजल्या. त्याच वर्षांत हातात मोबाईल आले आणि फोटो धुऊन आणणं संपलं. तुमच्या घराच्या सगळ्यांत कठीण वर्षांचे फोटो कुठल्यातरी फुटलेल्या स्क्रीनच्या फोनात अडकलेत. दारातल्या ट्रकचा एखादा फोटो कुणाकडे असेल, लग्नाच्या मागच्या बाजूला उभा, गवत वाढलेला. तो शोधा आणि छापून आणा. आजीच्या काळात पाट्यांची जागा यंत्रांनी घेतली, मुरगाव बंदरात खनिज चढवायचा यांत्रिक प्रकल्प १९७९ मध्ये आला, आणि तुमच्या बाबांच्या हातून ट्रकच गेला. एकाच घरात खनिजाचं काम आलं कसं आणि गेलं कसं, हे तुमच्या डब्यात आहे.

भाटकारांच्या भिंती भरलेल्या असतात हे खरं. त्यांच्याकडे कॅमेरा होता, किंवा स्टुडिओवाला घरी यायचा. तुमच्या घरात कॅमेरा नव्हता, त्यामुळे फोटो निघाला तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तुमचं तोंड हवं होतं म्हणून: सरकारला ओळखपत्रासाठी, खाणीवाल्यांना नोंदीसाठी, लग्नात फोटोवाल्याला आल्बम भरायला. म्हणून प्रत्येक फोटोला दोन प्रश्न विचारा, कुणी काढला आणि कशासाठी. ज्या घरांत मोजकेच फोटो आहेत अशा सगळ्या वाचकांना माझं हेच सांगणं.

तुमच्या डब्यात जुन्या मातीच्या घराचा एक फोटो आहे, मागे माडांची रांग. घराचे मुंडकारीचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्याच्या हक्काचे, कागद बाबांनी कधीच पुरे केले म्हणून तुम्ही लिहिलंय, बरं झालं. पण ज्या वाचकांची मुंडकारीची बाब अजून अडकलीय, त्यांनी असा फोटो जपून ठेवावा आणि वकिलाला दाखवावा. १९७५च्या मुंडकार कायद्यात राहत्या घराचा प्रश्न येतो, आणि तिथे घर कधीपासून उभं आहे हे दाखवणारं काहीही उपयोगी पडू शकतं. मूळ फोटो कापू नका, त्यावर आजच्या पेनाने तारीख घालू नका.

फोटो राखण्याबद्दल आता थोडं, कारण आपल्या पावसाळ्यात हे सगळं चटकन जातं. पत्र्याचा डबा बदला, तो गंजतो. प्रत्येक फोटो साध्या पांढऱ्या कागदात आणि सगळे मिळून पुठ्ठ्याच्या पेटीत, पेटी घराच्या आतल्या भिंतीच्या कपाटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट राहून बुरशी धरते. बुरशी आली असेल तर ओलं फडकं मुळीच लावायचं नाही, कोरड्या दिवशी सावलीत उघडा ठेवून मऊ ब्रशने झटकायचा. आजी-आजोबांचा जो जोडीचा फोटो काचेला चिकटलाय, तो सोडवायला जाऊ नका. चेहरा काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. चिकट पानांच्या जुन्या आल्बमांतल्या रंगीत फोटोंची आधी प्रत घ्या, मग सोडवायचं बघा. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, म्हणजे मोठा करता येतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन जातो. एक प्रत तुमच्याकडे, एक बाबांच्या घरी, एक गावाबाहेरच्या कुणाकडे. आणि भिंतीवर नेहमी प्रतच लावा. मूळ फोटो उजेडात उडतो.

आता आत्याकडे जाण्याचं. चवथीच्या आधी एखाद्या रविवारी जा, दुपारचं जेवण झाल्यावर, एकट्याच जा. चुलतभाऊ नको, काका नकोत. रंगीत फोटो नेऊ नका. मूळ फोटोची मोठी, काळी-पांढरी प्रत न्या आणि सोबत आणखी चार-पाच न्या, आत्याच्या लग्नाचा एखादा असेल तर तोही. पाटीचा फोटो पहिल्यांदा काढू नका. भिंतीचा विषयही पहिल्यांदा काढू नका. 'रंगीत फोटोत आजीचं तोंड चुकलं, ते मला आधी दिसलं नाही' एवढं सांगा आणि गप्प बसा. मोबाईल रेकॉर्डिंगला लावायचा असेल तर विचारून, आणि पहिल्या भेटीत नाही लावला तरी चालेल. घरी आल्यावर लिहून काढा.

बोलायला लागली तर तिला मोठं काही विचारू नका. 'खाणीवरचे दिवस कसे होते' याला कुणाला उत्तर देता येत नाही. आजी चुंबळ कशाची करायची, हे विचारा. जुन्या लुगड्याची की गोणपाटाची? दुपारची पेज बरोबर न्यायची की घरी यायची? फोटो काढणारा साहेब गाडीतून आला होता की चालत? त्या दिवशी ढिगावर तू का बसली होतीस, हा प्रश्न शेवटी, आणि तिने टाळला तर पुन्हा नाही. ती रडली तर पाणी द्या, फोटो उचलून पिशवीत घालू नका, तिच्या हातात असू द्या. आणि तिने साफ सांगितलं की भिंतीवर नकोच, तर 'बरं' म्हणा आणि त्यावर वाद घालू नका. तिला विचारा, मग तुझ्या आईचा कुठला लावू? कदाचित तिच्या स्वतःच्या ट्रंकेत एखादा निघेल, जो तुमच्या डब्यात नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला या सगळ्यात मोठी वाटते. रांगेत आजी धरून १२ बायका आहेत. आत्या आठ-नऊ वर्षांची होती, त्या बायकांना ती रोज बघायची. नावं सांगू शकणारं माणूस आता गावात बहुधा ती एकटीच असेल. डावीकडून सुरू करा. आजी पाचवी. चौथ्या बाईने आजीच्या दंडाला हात लावलाय, रिकाम्या हाताने, फोटो काढणाऱ्याच्या नकळत. ती कोण होती ते विचारा. नावं जशी येतील तशी मऊ पेन्सिलीने प्रतीच्या मागे लिहा, तिच्या तोंडची, घरच्या हाकेची नावं आधी. मग तितक्या प्रती काढा. त्या घरांत बहुतेकांना असा फोटो आहे हे माहीतच नसेल. आत्याला सांगा की या प्रती तिच्याच हाताने द्यायच्या आहेत, तिला द्याव्याशा वाटल्या तर. चवथीला तशीही सगळी माणसं मूळ घरी येतात, कुणी मुंबईहून, कुणी वास्कोहून. आरती आटोपली की एकेक घर घ्या, तुम्ही दोघींनी मिळून.